याची टोपी त्याच्या डोक्यावर: दुबईच्या खाडीवर फिरलेल्या पैशाची गोष्ट

२००७ साली मी बर दुबईत राहत होतो. एका खोलीत चौघे, त्यातला एक चिपळूणचा. वयाने माझ्याएवढाच, एका बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यात. महिन्यातून एकदा, गुरुवारी संध्याकाळी, तो एक दिरहम देऊन आब्रात बसायचा आणि खाडी ओलांडून देऱ्याच्या सोनेबाजारात जायचा. एका दुकानातून क्रेडिट कार्डावर शंभर ग्रॅमचे बिस्किट घ्यायचा, चार गल्ल्या पलीकडच्या ओळखीच्या दुकानात ते रोखीने विकायचा आणि चहा पिऊन परत यायचा. हातात आलेली रोख बिलाची तारीख आली की कार्डावर भरायची. सोने घरी आले नाही, पैसाही खऱ्या अर्थाने खर्च झाला नाही. पण बँकेच्या दफ्तरी खर्चाची नोंद झाली आणि त्याच्या नावावर विमानाचे मैल जमा झाले. घेण्या-विकण्याच्या भावातला फरक तेवढा खिशातून जाई. त्याच्या हिशेबाने मैलांची किंमत त्याहून जास्त होती. त्या वर्षी गणपतीला तो फुकट घरी जाऊन आला, तेव्हा आम्ही तिघांनी त्याला गुरू मानले.

अमेरिकेत या उद्योगाला 'मॅन्युफॅक्चर्ड स्पेंडिंग' म्हणतात. मराठीत आपण 'घडवलेला खर्च' म्हणू. खर्च करायचा नाही, पण झाल्यासारखा दाखवायचा, आणि त्यावरचे बक्षीस मात्र खरे घ्यायचे. आम्हाला वाटायचे, ही नव्या जमान्याची अक्कल आहे. पुढे आखाती देशांच्या चलनाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले, की त्याच खाडीवर पन्नास वर्षांपूर्वी नेमका हाच खेळ चालला होता. तेव्हा कार्डाच्या जागी शंभराची नोट होती, बँकेच्या जागी मुंबईची रिझर्व्ह बँक होती आणि बिल सबंध भारत देशाच्या नावाने येत होते.

आज ज्याला संयुक्त अरब अमिराती म्हणतो तो देश २ डिसेंबर १९७१ रोजी जन्मला. त्याआधी दुबई, शारजा, अबू धाबी ही इंग्रजांच्या संरक्षणाखालची छोटी शेखराज्ये होती आणि त्यांचे स्वतःचे चलन नव्हते. बाजारात चालत असे भारताचा रुपया. मोत्यांचा व्यापार मुंबईशी, तांदूळ-कापड-चहा मुंबईहून, तेव्हा पैसाही मुंबईचा असणे स्वाभाविक होते. कुवेत, बहारीन, कतार, सगळीकडे हीच गत. नाशिकच्या छापखान्यात छापलेली नोट देऱ्याच्या वाण्याच्या गल्ल्यात पडायची आणि कुणाला त्यात नवल वाटत नसे. १९४७ नंतर भारत स्वतंत्र झाला तरी ही व्यवस्था तशीच राहिली. आखातातल्या बँकांकडे रुपयांच्या नोटा साचल्या की त्या मुंबईला पाठवत, आणि रिझर्व्ह बँक त्यांच्या बदल्यात ठरल्या दराने पौंड स्टर्लिंग देत असे.

या साध्या सोयीतच पुढच्या भानगडीचे बीज होते. भारतात राहणाऱ्या माणसाला रुपये देऊन हवे तेवढे पौंड मिळत नसत. परकीय चलनावर कडक निर्बंध होते, परवाने होते, रांगा होत्या. पण तीच नोट गलबतातून दुबईला पोचली की तिच्यावर पौंड मिळत. नोट एकच, पण समुद्र ओलांडला की तिची ताकद वाढायची.

दुसरीकडे सोने. स्वातंत्र्यानंतर भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी होती आणि देशाची सोन्याची भूक काही कमी झाली नव्हती. त्या काळी जगाच्या बाजारात सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर असा बांधलेला होता. डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा. तोळा म्हणजे औंसाचे तीन-अष्टमांश. गणित केले तर तोळ्याला साडेबासष्ट रुपये पडतात. रिझर्व्ह बँक स्वतःच्या तिजोरीतले सोने १९५६ पासून याच भावाने मांडत होती. मुंबईच्या झवेरी बाजारात मात्र पन्नासच्या दशकाच्या अखेरीस तोळ्याला शंभराच्या वर मोजावे लागत. दहा तोळ्यांचे बिस्किट दुबईत सव्वासहाशे रुपयांच्या आसपास पडायचे आणि मुंबईत हजाराच्या वर जायचे. दुबईत सोने आणणे आणि तिथून पुन्हा बाहेर पाठवणे यात बेकायदा काहीच नव्हते. व्यापारी लंडनहून सोने मागवत आणि गलबतवाल्यांना विकत. किनाऱ्यापासून दूर समुद्रात माल दुसऱ्या होडीत उतरे आणि कप्पे शिवलेल्या जाकिटांतून गुजरात-कोकणच्या किनाऱ्यावर चढे. १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यातला गोवा हीसुद्धा एक वाट होतीच.

आता फेरा पाहा. मुंबईत सोने विकून आलेले रुपये पुन्हा गलबतातून दुबईला. तिथे ते बँकेत. बँकेकडून मुंबईला, रिझर्व्ह बँकेच्या काउंटरवर. रिझर्व्ह बँक देणार पौंड. त्या पौंडांचे लंडनहून पुन्हा सोने. सोने पुन्हा मुंबईला. प्रत्येक फेऱ्यात तस्कराच्या हाती तोळ्यामागे तीस-चाळीस रुपयांचा फरक, आणि त्यातून होडी, माणसे, लाच वजा जाता चांगली कमाई. कागदावर असे दिसे की आखात भारतीय रुपया वापरते आहे आणि शिल्लक नोटा परत करते आहे. प्रत्यक्षात भारत सरकार आपल्याच बंदीखालच्या सोन्याचे बिल आपल्याच परकीय गंगाजळीतून भरत होते.

आणि ते कधी? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात. पोलाद कारखान्यांची यंत्रे आणायला पौंड आणि डॉलर हवे होते. १९५७-५८ मध्ये गंगाजळी इतकी आटली की आयातीवर कात्री चालवावी लागली. एकेक पौंड जपून वापरायचा, आणि त्याच वेळी आखाताकडून येणाऱ्या नोटांच्या थप्प्यांपायी पौंड गळत राहायचे.

सरकारने १९५९ च्या मे महिन्यात नळ बंद केला. मोरारजी देसाई अर्थमंत्री, एच. व्ही. आर. अय्यंगार रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या गेल्या. आकृती साधारण तीच, रंग वेगळा, क्रमांकाआधी इंग्रजी झेड. यांना लोक 'गल्फ रुपया' म्हणू लागले. आखातातल्या लोकांनी जवळच्या जुन्या नोटा मुदतीत बदलून घ्यायच्या. त्यानंतर देशी नोट तिथे चालणार नाही आणि झेडवाली नोट भारतात चालणार नाही. नाशिकच्या नोटेचे दोन भाग पडले: एक घरची, एक परदेशी गेलेली. आपल्यापैकी अनेकांना ही विभागणी ओळखीची वाटेल.

पौंडांची ती थेट गळती यामुळे थांबली. पण मुंबईतली सोन्याची भूक आणि भावातला फरक दोन्ही कायम होते, म्हणून फेऱ्याने फक्त रस्ता बदलला. १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले, चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली; त्यात गावोगावच्या सोनारांचे धंदे बसले, तस्करांचे बसले नाहीत. तस्करांपुढे प्रश्न एकच होता: मुंबईत सोने विकून आलेल्या रुपयांचे दुबईत चालणाऱ्या पैशात रूपांतर कसे करायचे? नोटा पाठवून उपयोग नव्हता. काही वेळा त्यांनी चांदी पाठवली. पण खरे उत्तर त्यांना दिले ते आपल्याच माणसांनी, नकळत.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून, केरळातून, माणसे जहाजाने आणि विमानाने आखातात येऊ लागली. त्यांना घरी पैसे पाठवायचे होते. बँकेतून पाठवले तर सरकारी दर आणि पंधरवड्याची वाट; हवालावाल्याकडे दिले तर दर चांगला आणि दोन दिवसांत गावी घरपोच रोकड. दुबईत गवंड्याने दिलेले दिरहम हवालावाल्यामार्फत सोन्याच्या व्यापाऱ्याकडे जायचे आणि पुढचे सोने त्यातून यायचे. गावी त्याच्या आईच्या हातात पडणारे रुपये झवेरी बाजारात विकलेल्या सोन्याचे असायचे. समुद्रावरून एकही नोट जात नव्हती. हाजी मस्तानसारखी नावे वर्तमानपत्रांत गाजली, १९७४ मध्ये तस्करांना स्थानबद्ध करण्यासाठी कॉफेपोसाचा कायदा झाला; पण फेरा ज्याच्या मनिऑर्डरीवर चालत होता त्या गवंड्याला आपण कशाचे चाक आहोत याची कल्पनाही नव्हती.

इकडे गल्फ रुपयाचे आयुष्य सात वर्षांत आटोपले. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ मध्ये. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. झेडवाली नोट रुपयालाच बांधलेली, तेव्हा तिचाही भाव एका रात्रीत तितकाच पडला. दिल्लीतल्या निर्णयाने देऱ्यातल्या दुकानदाराच्या तिजोरीतला पैसा एक तृतीयांशाहून जास्त हलका व्हावा, हे आखाताला मान्य होणे शक्य नव्हते. दुबई आणि कतारने काही काळ सौदी रियाल वापरला आणि त्याच सप्टेंबरात स्वतःचा कतार-दुबई रियाल आणला; अबू धाबीने बहारीनचा दिनार घेतला. पुढे १९७३ च्या मे महिन्यात दिरहम आला. ओमानने रुपया १९७० पर्यंत चालवला. तस्कर अवमूल्यनात बुडाले नसावेत, कारण ते नोटा साठवत नाहीत, फिरवतात. बुडाला असेल तो नोटेवर विश्वास ठेवून ट्रंकेत बचत ठेवणारा.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे, आणि माझ्या चिपळूणच्या मित्राचा थेट पूर्वज तिथे भेटतो. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला, तो सहा महिने बाहेर राहिलेला असेल तर, पाच किलो सोने जकात भरून सोबत आणायची मुभा दिली. सोनापूरच्या कामगार छावणीत राहणाऱ्याकडे पाच किलो सोने कुठून असणार? पण त्याच्याकडे पासपोर्ट होता आणि त्यावर सहा महिन्यांचा शिक्का होता. व्यापाऱ्यांनी तो भाड्याने घेतला. सोने व्यापाऱ्याचे, जकात व्यापाऱ्याची, कागदावर नाव कामगाराचे. बदल्यात त्याला घरी जायचे तिकीट फुकट, वर थोडे पैसे. दोन-दोन वर्षे घर न पाहिलेल्या माणसाला हे तिकीट म्हणजे देवच पावला. कस्टमच्या वहीत मात्र त्याने लाखो रुपयांचे सोने आणल्याची नोंद होई.

म्हणजे आधी नोट भाड्याने गेली, मग मनिऑर्डर, मग पासपोर्टवरचे नाव. कार्डे आली तेव्हा कार्डही गेले, यात आश्चर्य कसले?

कार्डावरच्या बक्षिसांची मुळे अमेरिकेतली. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैल द्यायला सुरुवात केली. पुढे बँकांनी मैल विकत घेऊन कार्डांना जोडले. दुबईत एमिरेट्सची स्कायवर्ड्स योजना २००० मध्ये आली. बक्षिसाचा पैसा कुठून येतो? कार्ड घासले की दुकानदाराच्या रकमेतून एक-दोन टक्के कापले जातात, त्यातला वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. उरलेला येतो बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून. अमिरातीत हे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास असते. वर्षाचा हिशेब ज्याने त्याने करावा.

घडवलेल्या खर्चाला तिसरी एक वस्तू लागते. ती कार्डावर घेता आली पाहिजे आणि फारसा तोटा न होता पुन्हा रोख झाली पाहिजे. अमेरिकेत ही वस्तू काही वर्षे खुद्द सरकारनेच पुरवली. २००५ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या चित्रांची एक डॉलरची नाणी निघाली. ती चलनात यावीत म्हणून टांकसाळीने अडीचशे नाण्यांची पेटी दर्शनी किमतीला, घरपोच, पाठवणीचा खर्च न घेता, कार्डावर विकायला काढली. हुशार लोकांनी पेट्यांच्या पेट्या मागवल्या आणि न फोडताच बँकेत भरल्या. मैल त्यांचे, ट्रकभाडे सरकारचे. नाणी चलनात न येता तिजोरीत परत जात होती. २२ जुलै २०११ पासून टांकसाळीने या विक्रीत कार्ड घेणे बंद केले. मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये केले तेच वॉशिंग्टनने बावन्न वर्षांनी केले. पुढे हा खेळ भेटकार्डांवर गेला. एका दाम्पत्याने २०१३-१४ या दोन वर्षांत साठ लाख डॉलरांहून अधिक खरेदी दाखवून तीन लाखांवर डॉलरचे बक्षीस मिळवले आणि त्यावर कर लागतो का, हा प्रश्न २०२१ मध्ये अमेरिकेच्या कर न्यायालयापुढे आला. भेटकार्डांपुरता निकाल बराचसा त्यांच्या बाजूने लागला.

दुबईत तिसरी वस्तू शोधावीच लागत नाही. सोनेबाजार आहेच, बिस्किटाचा भाव भिंतीवर झळकतो, घेणारे-विकणारे शेजारी बसतात. २००७-०८ च्या तेजीत तर बँकांचे विक्रेते मॉलच्या दारात उभे राहून कार्डे वाटत. एका बँकेने काय दिले ते दुसरीला कळायची सोय नव्हती. कर्जांची एकत्र नोंद ठेवणारी अल इत्तिहाद क्रेडिट ब्युरो ही संस्था अहवाल देऊ लागली ती २०१४ मध्ये. त्यामुळे मैलांसाठी सुरू झालेला फेरा हळूच पैशांचा फेरा होई. एका कार्डावर सोने घ्यायचे, विकून दुसऱ्याचे बिल भरायचे, तिसऱ्याने पहिल्याचे. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: याची टोपी त्याच्या डोक्यावर.

चिपळूणच्या मित्राकडे २००८ च्या उन्हाळ्यात पाच कार्डे होती. त्याने गावी घराचा स्लॅब घातला होता. सहाव्या फेऱ्यासाठी त्याने माझे कार्ड मागितले. "दोन महिने फक्त. मैल तुझ्या नावावर, बिल मी भरतो," म्हणाला. मी दिले. फसवायचा त्याचा विचार नव्हता, हे आजही मानतो. मलाही आईला दुबई दाखवायला एक तिकीट हवे होते.

त्या वर्षाच्या शेवटी बांधकामे थांबली. जानेवारीत त्याची नोकरी गेली. तेव्हा चेक न वटणे हा अमिरातीत फौजदारी गुन्हा होता आणि कार्ड देताना बँका सहीचा कोरा चेक घेऊन ठेवत. हा नियम मोठ्या प्रमाणावर सैल झाला तो २०२२ च्या जानेवारीत. विमानतळावर धूळ खात पडलेल्या गाड्यांच्या बातम्या आठवत असतील. त्या गाड्यांचे मालक ज्या भीतीने पळाले त्याच भीतीने तोही एका रात्री गेला. खोलीत त्याची चादर, इस्त्री आणि एका कंपासपेटीत पाच कापलेली कार्डे राहिली. माझे कार्ड त्यांत नव्हते. ते त्याने टेबलावर माझ्या डब्याखाली नीट ठेवले होते. त्यावर अठरा हजार दिरहम थकले होते, आणि ते माझे होते, कारण नाव माझे होते.

मला ते फेडायला अडीच वर्षे लागली. आईचे तिकीट मी पुढे पगारातून काढले.

या सगळ्याकडे आता इतिहास म्हणून पाहतो तेव्हा एक गोष्ट दिसते. फिरवणाऱ्याला सोने नको असते, नोट नको असते, नाणे नको असते. त्याला दुसऱ्याची पत हवी असते. नोटेमागे देशाची पत होती, पाच किलोंमागे कामगाराच्या पासपोर्टची, बिस्किटामागे माझ्या सहीची. फेरा चालू असतो तोवर ती पत फुकट मिळाल्यासारखी वाटते. थांबला की ज्याचे नाव त्याचे बिल. आणि फेऱ्यात नसलेलेही थोडे थोडे भरतच असतात: दुकानदार कार्डाचे टक्के किमतीत मिसळतो आणि ती किंमत रोखीने देणाऱ्या गवंड्यालाही पडते. त्याच्या खात्यावर मैल कधीच जमत नाहीत.

आखातात राहणाऱ्या नव्या मुलांना मी एवढेच सांगतो. मैल जरूर घ्या. किराणा, शाळेची फी, जे खरेच खर्च करता त्यावर घ्या, आणि बिल पूर्ण भरा. पण कुणी आपले कार्ड, खाते किंवा पासपोर्ट 'दोन महिने फक्त' मागितला, तर तो माणूस चांगला आहे की वाईट हा विचार करू नका. फेरा उद्या थांबला तर वहीत नाव कोणाचे असेल, एवढेच बघा.

मित्र चिपळूणला असतो. दहा वर्षांपूर्वी माझ्या खात्यात त्याने न सांगता पैसे पाठवायला सुरुवात केली. कधी पाच हजार रुपये, कधी दोन. बँकेतून, रीतसर. हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. मी मागत नाही, तो थांबत नाही.